पानावरून उठलेला माणूस

जेवता माणूस पानावरून उठला की घरातलं काहीतरी बिनसतं, असं माझी आई म्हणायची. मी हसायचे. मग दोन हजार नऊच्या जानेवारीत, आम्ही तिघं जेवायला बसलो असताना, माझ्या नवऱ्याला, हेमचंद्रला, कंपनीतून फोन आला. "प्रोजेक्ट बंद झालाय, उद्यापासून येऊ नका." तो वरणभात तसाच टाकून उठला, आणि त्यानंतर टेबलाशी बसलाच नाही. ओट्यापाशी उभ्यानं चार घास खायचा, ताटली विसळायचा आणि सोफ्यावर जाऊन पडायचा. नोकरी काय, आज नाही तर उद्या मिळेल. पण माणूस समोर असून नसणं मला अजिबात सोसत नाही. मला माझा नवरा परत हवा होता.

म्हणून मार्चमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला ओढूनच बाहेर काढलं. शारजाच्या म्युझियममध्ये बेल्जियमच्या राष्ट्रीय संग्रहालयातली जुनी फ्लेमिश चित्रं आली होती. आमच्या अल मजाजच्या घरापासून जवळच, आणि तिकीटही नाही. "चल, निदान एसी तरी त्यांचा," मी म्हटलं. तो आला. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

पहिल्या दालनात सगळी सरदार मंडळी, गळ्याभोवती लेस लावून रागावलेली. मी त्यांची यथेच्छ टिंगल केली. दुसऱ्या दालनात शिरलो आणि माझी जीभ, जी सहसा थांबत नाही, ती थांबली.

काळोखात मांडलेलं एक टेबल. त्यावर कालवं, चीज, मोडलेला पाव आणि अर्धं सोललेलं लिंबू. लिंबाची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. फोडी खरंच ओल्या दिसत होत्या. काचेच्या पेल्यात नखाएवढी खिडकी उमटली होती, आणि त्या खिडकीत ढगाळ आभाळ. नुसत्या रंगानं कुणीतरी हे केलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. एका लिंबाकडे इतकं मन लावून बघणारा माणूस या जगात होऊन गेला, याचंच मला नवल वाटत राहिलं.

"समवन लेफ्ट इन द मिडल," आमची नऊ वर्षांची ईश्वरी म्हणाली. "लाइक बाबा."

मी तिला चिमटा काढणार, तेवढ्यात हेमचंद्र पुढे सरकला. इतका पुढे, की तिथला गार्ड म्हणाला, "सर, थोडा पीछे."

तो अर्धं पाऊल मागे आला. "सुचित्रा, किती जुनं आहे गं हे?"

दोन महिन्यांत त्यानं आपणहून मला काही विचारलं नव्हतं.

"पाटीवर चारशे वर्षं लिहिलंय."

"चारशे वर्षं कुणी आवरलं नाही," तो हळूच म्हणाला. "मांडूनच ठेवलंय त्याच्यासाठी."

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. म्युझियम बंद व्हायची वेळ झाली तरी आम्ही तिथेच उभे होतो.

घरी येऊन मी वरणभात गरम केला आणि सवयीनं त्याची ताटली ओट्यावर ठेवली. त्यानं ती उचलली, टेबलावर नेली आणि खुर्ची ओढून बसला.

"वाढ," तो म्हणाला. "आणि लिंबू असलं तर दे."

फ्रिजमध्ये एकच होतं, वाळत आलेलं. ते पिळून तो शांतपणे जेवू लागला. मी भाताचं पातेलं हातात घेऊन त्याच्याकडे बघतच राहिले, इतक्या जवळून, की शेवटी ईश्वरी म्हणाली, "मॅडम, थोडा पीछे."