ज्याच्या हातात घड्याळ, त्याने बोलायचं

मी एक घड्याळ बोलतोय. टिकटिक ऐकू येईल म्हणून कान लावून बसू नका. माझ्या पोटात यंत्रच नाही. प्लायवुडची गोल चकती, तिच्यावर रंगवलेले बारा आकडे आणि मधोमध एका स्क्रूवर अडकवलेले दोन काटे, एवढाच माझा संसार. कोणी फिरवलं तर फिरायचं, नाहीतर पडून राहायचं. पण लोकांनी मला पडू दिलंच नाही. आता तर नुसतं बोट जवळ आलं तरी अंग दुखायला लागतं.

एका सुताराने मला उरल्यासुरल्या तुकड्यातून घडवलं, बालवाडीसाठी. आकडे त्याच्या बायकोने रंगवले. आठ काढताना तिला कोणीतरी हाक मारली असावी, कारण माझा आठ जरा कलंडलेला आहे. चिमुकल्या हातांनी माझे काटे पिळले, चावले, एकदा तर माझ्यावर ठेवून खाऊसुद्धा खाल्ला. पुढे बालवाडी बंद पडली. खुर्च्यांना गिऱ्हाईक मिळालं, फळ्याला मिळालं. न चालणारं घड्याळ कोण घेणार? शेवटी तिथल्या बाईंनीच मला पिशवीत घातलं. त्यांनी झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग काढला होता.

मला वाटलं, यांना घड्याळ बघता येतं, म्हणजे आपली सुटका झाली. कसली सुटका! वर्गात एक नर्स होती, एक वेटर होता, एक ड्रायव्हर होता. तिघंही तोंडाळ. कोणी जरा अडखळला, की त्याचं वाक्य आपणच पुरं करून मोकळे. बाई वैतागल्या. एके संध्याकाळी त्यांनी मला टेबलावर आपटलं आणि नियम केला, "हे घड्याळ ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. तो खाली ठेवेपर्यंत बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. खाली ठेवलं की त्याचं बोलणं संपलं."

तेव्हापासून मी घामेजलेल्या हातांतून फिरत राहिलो. शब्द आठवेना की माणूस छताकडे बघतो आणि हातात जे असेल ते कुरतडतो. हातात मीच असायचो.

त्या वर्गात एक शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. वर्गात मास्तर एकच आणि तोच सगळ्यात कच्चा विद्यार्थी, यावरून रोज थट्टा व्हायची. मास्तरही हसायचे, पण ते हौस म्हणून आलेले नव्हते. त्यांची लेक दूरदेशी राहायची. जावई तिकडचाच. नात सहा वर्षांची आणि तिला इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. दर रविवारी फोनवर तिचा चेहरा दिसायचा. हे म्हणायचे, "हॅलो, हाऊ आर यू?" ती म्हणायची, "फाइन." झालं, बोलणं आटोपलं. बायको गेल्यापासून मास्तरांना आठवडाभर त्या एका 'फाइन'वर दिवस काढावे लागत.

बाईंनी एक महिना नुसता 'टाइम'वर काढला. इंग्रजी बोलणाऱ्याच्या दर चार वाक्यांत हा शब्द येतो, असं त्यांचं म्हणणं. 'टेक युअर टाइम', म्हणजे सावकाश होऊ द्या. 'फॉर द टाइम बीइंग', म्हणजे तूर्तास. 'जस्ट इन टाइम', म्हणजे थोडक्यात गाठलंत. वाक्यागणिक माझे काटे गरागरा फिरत.

मास्तरांनी मला उचलून विचारलं, "बाई, हे लोक वेळ वाचवतात, खर्च करतात, वाया घालवतात, इथवर माझी तक्रार नाही. पण 'किल टाइम' म्हणत वेळेला ठार का मारतात?"

"का हो मास्तर, आपण नाही वेळ मारून नेत?"

"आपण मारून नेतो, पण जिवंत ठेवतो!"

वर्ग खो-खो हसला. मला नाही हसू आलं. कुठल्याही भाषेत वेळेचे हालच होतात, हे मी अंगावर सोसलेलं आहे.

मास्तरांनी ती सगळी वाक्यं घोकली. कापड बेतताना घोकली, काजं करताना घोकली. आणि पुढच्या सोमवारी मला छातीशी धरून त्यांनी वर्गाला रविवारची हकिगत सांगितली. झालं होतं असं, की नात फोनवर आली आणि मास्तरांनी अख्खा धडाच म्हणून दाखवला. "लाँग टाइम नो सी. टेक युअर टाइम. जस्ट इन टाइम. फॉर द टाइम बीइंग." पोर घाबरून आईच्या मागे लपली. मग लेक म्हणाली, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका, पण तिला दर रविवारी ओढत आणून बसवावं लागतं. आता आपण दोघंच बोलत जाऊ."

"मी म्हटलं, अजून एक रविवार बसव तिला. मग तू म्हणशील तसं," मास्तर म्हणाले. मग बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "हे हातात असलं की मला चार शब्द सुचतात. रविवारपुरतं नेऊ का?"

त्या रविवारी मी मास्तरांच्या दुकानात होतो. फोन रिळांच्या डब्याला टेकवलेला. पडद्यावर पोर आली, हनुवटी हातावर, डोळे भलतीकडे. मास्तरांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मला खाली ठेवावं, तर नियमाप्रमाणे बोलणं संपलं! म्हणून त्यांनी मला घट्ट धरून ठेवलं आणि बोटं नुसता चाळा म्हणून माझा काटा फिरवू लागली.

पोर ताठ बसली. "हाफ पास्ट फोर!"

शाळेत तिला तेच शिकवत होते. मास्तरांना कळलं एवढंच, की पोर न विचारता बोलली. त्यांनी काटा पुढे सरकवला. ती पुन्हा ओरडली. एकदा चुकली, स्वतःच जीभ चावली, पुन्हा सांगितलं. शेवटी लेक म्हणाली, "चल, आबांना बाय कर." तर पोर हट्टाला पेटली. "नो! वन मोअर टाइम, आबा!"

दुसऱ्या दिवशी मास्तर धापा टाकत जिना चढून आले. "बाई, वन मोअर टाइम म्हणजे काय? हे तुम्ही शिकवलं नाहीत."

"राहिलंच की! म्हणजे, अजून एकदा."

मास्तर खुर्चीत बसले. "अजून एकदा," ते म्हणाले. "मला म्हणाली ती. अजून एकदा." आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. बाईंनी मला परत मागितलं नाही.

पुढे वर्गही बंद झाला. मी दुकानात कात्रीशेजारी टांगलेला असतो. गिऱ्हाइकं सांगतात, "मास्तर, घड्याळ बंद पडलंय." दर रविवारी मला उतरवतात आणि पिळतात. माझं मधलं भोक रुंदावलंय. मास्तरांनी स्क्रूखाली शर्टाचं बटण बसवलं, ते काही आठवडे टिकलं. पोरीला आता कुठलीही वेळ ओळखता येते. तरी मास्तर मला सोडायला तयार नाहीत. काटे थांबले तर पोरही थांबेल, ही त्यांच्या मनातली भीती मला त्यांच्या बोटांतून कळते.

गेल्या रविवारी पोर पडद्यावर असतानाच ते झालं. दोन्ही काटे घसरून खाली लोंबले. मास्तरांनी वर केले, पुन्हा पडले. चेहरा उतरला त्यांचा. त्यांनी मला कापडाच्या ढिगावर ठेवून दिलं.

"आबा, लुक!" पोरीने ओठ ओढून दाखवला. पुढचा दात पडला होता.

मास्तर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "तुझा एक? वन? माय... थांब, थांब, सी!" आणि त्यांनी खालची अख्खी कवळी काढून फोनसमोर धरली. पोर किंचाळली आणि हसत सुटली. मास्तर बोळक्या तोंडाने अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी काहीबाही सांगत होते, ती मध्येच विचारत होती, लेक मागून ओरडत होती, "बाबा, काय हे!" कोणी कोणाला थांबवत नव्हतं.

मी ढिगावर पडून होतो. मास्तरांच्या हातवाऱ्यांत अस्तराचं कापड माझ्यावर येऊन पडलं. मला उचलायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. एवढा आराम मला जन्मात मिळाला नव्हता. आता एवढंच मागणं आहे. उद्या कोणाला माझी दया आली आणि तो स्क्रू घट्ट करायला आला, तर त्याला सांगा, राहू द्या, मास्तर बोलतायत.