गल्लीच्या टोकाची तार

इंटरनेट केबलवाल्याकडून घ्यावं की फोनच्या तारेवरून, यावर आता घरोघरी पोरं भांडतात. केबल पळते, पण साऱ्या गल्लीत वाटली जाते. फोनची तार हळू चालते, पण आपली एकट्याची असते. आमच्या मावला गावात हे भांडण इंटरनेटचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हाच होऊन गेलं, आणि पेटलं ते मथुराबाईच्या पोटात.

गल्लीतला एकुलता फोन तिच्याकडे होता. नवऱ्यानं, सुधाकररावांनी, घेतला किराणा दुकानासाठी, पण तिनं हट्टानं बैठकीत बसवून घेतला, वर भरतकामाचा रुमाल टाकला. गल्लीतल्या सगळ्या लेकीसुनांचे फोन तिथंच येत. मथुराबाई ओट्यावरून हाक मारी, आणि जिचा फोन असे तिच्यामागे निम्मी गल्ली येई. दुपारभर बायका तिच्याकडेच. कुणी वाती वळे, कुणी तूर निवडे. चहाचं आधण सदा चुलीवर.

मग गल्लीच्या टोकाला जयवंताबाईकडे टीव्हीची केबल आली, आणि बायका सुपासकट तिकडे सरकल्या. रेणुकाबाईसुद्धा! बेल्लमपल्लीला दिलेल्या लेकीचा फोन येईल म्हणून जी मथुराबाईच्या बैठकीतून हलत नसे, तीसुद्धा.

तिच्याच लेकीचा फोन आला एकदा. हाका मारून घसा बसला, तेव्हा मथुराबाईला जयवंताबाईचा उंबरा गाठावा लागला. आत सारी गल्ली मांडी ठोकून बसलेली.

"ये नं मथुराबाई, बस," जयवंताबाई म्हणाली. "तुह्या फोनात चित्र तं दिसत नाई."

बायका खिदळल्या.

"नसंल दिसत. पण आमची तार आमची एकटीची हाय. तुह्या तारेसारखी लोकाच्या छपरावरून लोंबत नाई आली."

ते टोमणे चालले असते, पण रेणुकाबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "थांब वं माय, जाहिरात लागू दे." ते मात्र मथुराबाईला मिरचीसारखं झोंबलं.

पुढे फकिरा केबलवाला तिच्या छपरावर तार ताणायला चढला. उतरल्यावर पाणी पिता पिता कुरकुरला, "एका तारेवर किती घरं जोडू, बाई? मधात अजून घरं जोडली तं टोकाच्या घरी नुसत्या मुंग्या दिसतीन."

मथुराबाईनं त्याला दुसरा तांब्या भरून दिला.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरली. "रेणुका, लोकाच्या दारात काऊन बसतं वं? आपल्या घरी घे नं केबल. चंपाबाई घेऊन राह्यली, तू काय कमी हाय का?" चंपाबाईला तिनं रेणुकाबाईचं नाव सांगितलं. दसऱ्यापर्यंत मधल्या प्रत्येक घरात तार गेली. एक तिनंच घेतली नाही. आणि जयवंताबाईच्या पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलं.

मथुराबाईनं खुशीत आधण चढवलं, चटई झटकली आणि बायकांची वाट पाहत ओट्यावर बसली. कुणी आलं नाही. घरोघरची दारं लोटलेली, आणि प्रत्येक दाराआडून एकच गाणं ऐकू येत होतं.

आली ती एकटी जयवंताबाई.

"फकिराले फोन लावून दे. दिसत नाई काही."

फोन लावावा तर एंगेज. परत लावला, परत एंगेज. तेवढ्यात तोच खणखणला. बेल्लमपल्लीहून, रेणुकाबाईच्या लेकीला मुलगी झाली म्हणून! मथुराबाई ओट्यावरून ओरडली. मग दोघी मिळून ओरडल्या. शेवटी दोघींनी जाऊन दार बडवलं. रेणुकाबाई धावत आली, बोलली, डोळे पुसले, आणि "साखर वाटतो संध्याकाळी" म्हणत तशीच घरी पळाली.

बैठकीत दोघीच उरल्या.

"तुहंच काम हाय हे," जयवंताबाई म्हणाली. "फकिरानं सांगतलं मले."

"तं मंग आली काऊन माह्याकडं?"

"मंग कुठी जाऊ?"

मथुराबाईनं उकळून उकळून कडू झालेला चहा दोन कपांत गाळला. मग तिनंच कपात बघत विचारलं, "पह्यले लई साफ दिसे का वं?"

"आरशासारखं," जयवंताबाई म्हणाली. "तू कधी बसलीच नाई पाहाले."

आणि मथुराबाईच्या पोटात पुन्हा जळायला लागलं.