बुधवारचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. दागिन्यांची नाही, तेव्हा उगाच डोळे मोठे करू नका. मी गोळ्यांची डबी. आठवड्याच्या वारांचे सात कप्पे, प्रत्येकाला एक झाकण आणि ते उघडताना होणारा 'टक' असा आवाज, एवढीच माझी मालमत्ता. झाकणं सात असली तरी मला तोंड एकही नाही. ते असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

माझा जन्म कारखान्यातला. साचा मिटला, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. माझ्यासारख्या बहिणी इतक्या होत्या की कुणाचं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. मग खोका, मग ट्रक, मग एका औषधाच्या दुकानातला खिळा. त्या खिळ्याला लटकून मी बरेच दिवस रस्ता पाहत होते. एकदा एका मुलीने मला उतरवलं आणि दुकानदाराला म्हणाली, "बाबांना ब्लडप्रेशर निघालंय. रोजची गोळी हमखास विसरतील ते. ही द्या."

अशी मी त्या दोन खोल्यांच्या घरात आले. बाबा पाट्या रंगवायचे. बेकरीची, सलूनची, शाळेची, कुणाच्या दारावरची, कुठलीही. पुढच्या खोलीत रंगाचे डबे, ब्रश आणि वाळत ठेवलेल्या पाट्या, मागच्या खोलीत संसार. लेक दूरच्या शहरात एका लॉन्ड्रीत कामाला होती. मला आईच्या हवाली करून ती परत गेली. आई दर रविवारी मला भरायची आणि बाबा रोज सकाळी एक झाकण उघडायचे.

ती माझी सुखाची वर्षं. वापरून वापरून माझ्या झाकणांवरची छापील अक्षरं उडाली, तेव्हा बाबांनी सगळ्यात बारीक ब्रश काढला आणि सातही वार नव्याने रंगवले. 'सो' निळा, 'मं' तांबडा. बुधवारच्या 'बु'चा उकार त्यांनी असा झोकात वळवला की आई म्हणाली, "अहो, डबी आहे ती, राजवाडा नव्हे!" बाबा म्हणाले, "अगं, रोज बघायचंय मला हिच्याकडे." तेव्हा मला जे वाटलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता आईबद्दल सांगते. बाई सोन्यासारखी, पण एक खोड होती. चांगली वस्तू घरात आली की ती लगेच वापरायची नाही, काचेच्या कपाटात राखून ठेवायची. नक्षीच्या कपबशा तिथे, नवी शाल तिथे, मऊ टॉवेल तिथे. टॉवेल म्हणे पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की म्हणायची, "इतक्या चांगल्या टॉवेलला ओले हात कशाला?" आणि जुनाच पुढे करायची. मी त्या कपाटाच्या डोक्यावर बसायचे. खालच्या त्या नटव्या मंडळींचा मला मनातून रागच यायचा. राबायचं आम्ही आणि मिरवायचं यांनी!

त्या मंडळींत एक दिवस नवीन भर पडली. लेक सुट्टीला आली होती. सरकारी औषध योजनेच्या कचेरीत रांगेत उभं राहून तिने बाबांच्या नावाचं कार्ड काढून आणलं. इथल्या प्रत्येक वयस्क रहिवाशाला ते मिळायचं. परतीची बस गाठायची म्हणून चपला घालता घालताच ती म्हणाली, "आई, हे बाबांच्या औषधांचं कार्ड. दुकानात दाखवायचं. आणि जपून ठेव हं!"

आईने जपून ठेवलं. नक्षीच्या किटलीत.

पुढे बाबांचं काम आटलं. लोक छापील फलक लावू लागले. घरात हात आखडता घ्यावा लागला आणि तो सर्वांत आधी माझ्यापर्यंत पोचला. आई भाजीच्या सुरीने गोळीचे दोन तुकडे करू लागली. मग एके रविवारी तिने माझा बुधवार रिकामाच ठेवला. पुढे शुक्रवारही.

बाबांनी बुधवारी झाकण उघडलं आणि हसले. "आज माझ्या रक्ताला सुट्टी वाटतं?"

"काही त्रास होतोय का तुम्हाला?" आईने विचारलं.

"छे! ठणठणीत आहे मी."

"मग झालं तर."

"ते कार्ड होतं ना गं?"

"ते मोठ्या दुखण्यासाठी. या चिल्लर गोळ्यांवर संपवायचं का? उद्या खरंच काही झालं तर काय दाखवणार?"

बाबांना ते पटलं. दोघांनाही अगदी मनापासून वाटत होतं की कार्ड साबणासारखं वापरून झिजतं. लेकीचा फोन आला की आई सांगायची, "गोळ्या चालू आहेत की!" खोटं नव्हतं ते. अर्ध्याच चालू होत्या.

औषधवाला भला माणूस होता. आई मला पिशवीत घालून दुकानात न्यायची, कारण गोळीचं नाव तिला आठवायचं नाही, जुना तुकडा दाखवावा लागायचा. औषधवाला न चुकता विचारायचा, "काकू, योजनेचं कार्ड आहे का?" आई म्हणायची, "आमचं कुठलं हो कार्ड!" कार्ड आहे असं म्हटलं तर तो ते वापरून टाकील, अशी तिला भीती. मी पिशवीत पडून सगळं ऐकायचे. सातही झाकणं आपटावीशी वाटायची, पण डबीचं झाकण आपण होऊन उघडत नाही.

शेवटी त्या औषधवाल्यानेच बाबांना एक पाटी रंगवायला दिली. लोकांना योजना कळतच नाही म्हणून दुकानाबाहेर लावायची होती. बाबा खूश झाले. त्यांनी फळी घासली, खडूने रेघा मारल्या आणि सकाळच्या उजेडात अक्षरं काढू लागले. 'दर महिन्याची नेहमीची औषधे योजनेच्या कार्डावर मिळतील.'

बाबा पाटी रंगवताना अक्षरांचं वळण बघायचे, मजकुराकडे त्यांचं लक्ष नसायचं. त्या दिवशी मात्र 'नेहमीची' रंगवून झाल्यावर हात थांबला. "अगं ए, ही तर रोजचीच औषधं म्हणतायत. आपलं कार्ड जरा—"

"आधी पाटी पुरी करा. रंग वाळेल. मग बघू," आई आतून म्हणाली.

तो बुधवार होता. माझा कप्पा रिकामा होता.

'योजनेच्या'पर्यंत अक्षरं सरळ आहेत. त्यापुढच्या 'का'चा काना खाली घसरत गेला आणि थेट फळीच्या कडेवरून उतरला. ब्रश पडल्याचा आवाज आला. मग बाबा पडल्याचा.

शेजाऱ्यांनी उचलून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या तर दाखवायला हव्यात, म्हणून आईने मला पिशवीत टाकलं आणि किटलीतून कार्ड काढलं. कोरं करकरीत. ते मुठीत धरून ती दवाखान्यातल्या पैसे भरायच्या खिडकीपाशी गेली. "हे घ्या. एकदासुद्धा वापरलेलं नाही. सगळं शिल्लक आहे."

खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "काकू, हे घरी घ्यायच्या गोळ्या-औषधांचं कार्ड आहे. इथल्या खाटेला ते चालत नाही. आणि हे संपतबिंपत नाही हो. दर महिन्याला वापरायचंच असतं."

"दर महिन्याला?"

"हो. प्रेशरच्या गोळ्या तर पूर्ण मिळतात."

आई बाकावर बसली, मला मांडीवर घेतलं आणि एकेक झाकण उघडून पाहू लागली. बुधवारपाशी तिचा हात थांबला. डॉक्टर येईपर्यंत तिने ते झाकण लावलं नाही.

बाबा घरी आले. उजवा हात गेला, जीभ गेली. फक्त 'हं' उरलं. लेक आली आणि रडत रडत म्हणाली, "आई, मी नीट बसून सांगायला हवं होतं गं." आई म्हणाली, "तू सांगितलं होतंस. मीच जपून ठेवलं."

आता कार्ड दर महिन्याला दुकानात जातं. माझे सातही कप्पे अख्ख्या गोळ्यांनी भरलेले असतात, आणि आता रोज एकीच्या जागी तीन-तीन. इतकी भरलेली मी नवी असतानाही नव्हते, आणि त्याचा मला काडीचाही आनंद नाही. आईने काचेचं कपाट रिकामं केलंय. बाबा नक्षीच्या कपातून चहा पितात. तो अर्धा सांडतो, आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या त्या मऊ टॉवेलने आई त्यांची हनुवटी पुसते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं कार्ड असंच कपाटात पडलेलं असेल. आज काढा. ते कशासाठी आहे, काय मिळतं, किती वेळा मिळतं, हे कुणाला तरी विचारा. नाही कळलं तर पुन्हा विचारा, विचारायला लाजू नका. बाबांचं आता याने काही भलं होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते.

ती अर्धी पाटी अजून भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या झाकणांवरची अक्षरंही पुन्हा उडू लागली आहेत. परवा बाबांनी डाव्या हाताने मला जवळ ओढलं आणि पुसट झालेल्या 'बु'वर बराच वेळ बोट फिरवत राहिले. आईने ते पाहिलं आणि रंगाचे डबे उचलून त्यांच्या नजरेआड, माळ्यावर ठेवून दिले.