चार भोकं, चार अंगठे

आज ट्रक सुरू झाला तर राहील, नाहीतर भंगारात जाईल, असा निकाल बाबांनी सकाळीच देऊन टाकला होता. आत्याने तो मान्य केला खरा, पण मान्य करताना भावाकडे पाहिलं नाही. तिचं सगळं तारुण्य त्या स्टिअरिंगमागे गेलं होतं, आणि हे पुतणीला पक्कं ठाऊक होतं.

आता भंगारवाला फाटकात क्रेन लावून अंगणात येऊन उभा होता आणि ट्रक नुसता शिंकत होता. स्टार्टर मारला की कार्बोरेटरच्या तोंडातून ‘फट्’ करून ज्योत बाहेर.

“ताई, भुवया सांभाळ,” बाबा म्हणाले. “ट्रक गेला तरी त्या लागतील.”

पुतणी डोकं खाजवत होती. पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय. म्हणजे ठिणगी भलत्याच वेळी पडत असणार.

“आत्या, उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्यास, त्या कुठल्या क्रमाने लावल्यास?”

“एक, तीन, चार, दोन. या कंपनीचा क्रमच तो. बोनेटवर नाव नाही का दिसत?”

“बोनेटवर आहे. इंजिनावर कुठंय?”

आत्या बोनेटकडे बघतच राहिली. मग तिने कपाळावर हात मारला; ग्रीसचा अख्खा पंजा उमटला. “अगं, बोनेट मीच बदललं होतं की. खांबाला ठोकल्यावर दुसऱ्याच कंपनीच्या ट्रकचं बसवलं.”

“म्हणजे टोपी बघून माणूस ओळखलास,” बाबा म्हणाले.

“मग माणसालाच विचारू.” पुतणीने चारही प्लग काढले. भोकावर अंगठा दाबायचा. हवा ज्याचा अंगठा उडवेल त्या सिलिंडरला ठिणगीची पाळी. आत्या हँडलवर. पुतणीचे हात दोनच भोकांना पुरले.

“बाबा, तिसऱ्यावर या.”

“मी विरुद्ध पक्षात आहे.”

“अंगठा, बाबा.”

चौथ्यावर भंगारवाला आपणहून वाकला. “आपलं काय जातंय?”

आत्याने हँडल फिरवलं. पुतणीचा डावा अंगठा उडाला, मग उजवा. मग भंगारवाला गुदगुल्या झाल्यासारखा खिदळला. “माझा आला, माझा आला.” शेवटी बाबांच्या बोटाखाली फुस्स झालं.

“पुन्हा फिरव, ताई,” बाबा गंभीरपणे म्हणाले. “नीट कळलं नाही.”

नीट कळलं होतं. तरी चौघे हसून हसून लोळायच्या बेताला येईपर्यंत हँडल फिरत राहिलं.

“मेल्यांनो, मी काय चक्की दळतेय?” आत्याला धाप लागली होती.

एक, दोन, चार, तीन. दरवेळी तेच. पुतणीने प्लग बसवले, दुसऱ्या-तिसऱ्याच्या वायरींची अदलाबदल केली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसलेल्या आत्याला मानेने खूण केली.

इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. मडगार्ड थरथरले, खिडक्या वाजल्या. बाबा टाळ्या वाजवत होते. लक्षात आल्यावर त्यांनी हात खिशात घातले.

“चौथ्यात दम आहे हो,” भंगारवाला आपला काळा अंगठा सगळ्यांना दाखवत म्हणाला.

आत्याने गिअर टाकला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “भाऊ, तुमची क्रेन फाटकातून बाजूला घ्या. मला बाहेर जायचंय.”