पालीच्या तांदळाचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे, पण माझ्यावर कधी पोस्टमन आला नाही. मोबाईलवर 'पालीचातांदूळ.भारत' लिहिलंत, की मी तुम्हाला राजगडाखालच्या पाली गावातल्या बायकांच्या तांदळापाशी नेतो. सरूबाईंनी बचत गटासाठी मला घेतलं. गडावर आलेली पुण्याची माणसं घरी जाऊन माझ्यावरूनच इंद्रायणी मागवत.

कितीदा सांगू, मी कायमचा विकत मिळत नाही. '.भारत'ने संपणाऱ्या सगळ्या पत्त्यांची नोंद दिल्लीतली एक संस्था ठेवते. तिच्या परवानगीने कंपन्या आम्हाला लोकांना देतात, तेही मुदतीपुरते. मुदत संपली की पैसे भरायला थोड्या दिवसांची सवलत मिळते. तीही गेली, की जो मागेल त्याचा मी.

सरूबाई वारल्या. बाजीरावांनी बायकोचा मोबाईल बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवला. माझ्या मुदतीचे निरोप त्यावरच जात होते. मी बंद पडलो.

गटातली मंगल आली. "दाजी, आर्डरी येईनात. पत्ता दुसऱ्यानं उचलला, तर माल पडेल भावानं व्यापाऱ्याला घालावा लागंल."

बाजीराव उठले आणि गेले कुठं, तर वेल्ह्याला तलाठ्याकडे, माझी वारस नोंद करायला.

"तात्या, याचा सातबारा कुठाय?" तलाठी म्हणाला.

"बायकोच्या नावावर हाय. वारस मी."

"मग बांधाला कोण कोण लागून हाय, तेबी सांगा की."

इकडे माझी सवलत संपत आली होती, आणि हे दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन पुन्हा एसटीत. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

शेवटी कामथडीहून लेक रश्मी आली. "आबा, आईचा मोबाईल द्या. पत्ता चालू करायचा तर कंपनीचा ओटीपीचा आकडा त्याच्यावरच येणार."

"त्यो न्हाई लावायचा."

"का पण?"

"चालू केला की तिचा फोटू येतो."

रश्मी चहा ठेवायला आत गेली. बऱ्याच वेळाने बाजीरावांनीच कपाट उघडलं. आकडा आला, तो त्यांनीच वाचून दाखवला. रश्मीने पैसे भरले आणि मी पुन्हा सुरू झालो.

"नोंदीत आता तुमचं नाव घालू का?"

"मंगलचं घाल. तांदूळ त्यांचा हाय."

मित्रांनो, पत्ता घ्याल तेव्हा मुदत ध्यानात ठेवा आणि नोंदीत दोन माणसांचे नंबर द्या. मागे राहिलेल्या माणसाला कपाट लगेच उघडवत नाही.