पट्टीखालचे हात

“ए मुक्या, हो मागं! काच फोडतो का बे?”

गुरुपादच्या हॉटेलात एकच हशा पिकला. धुळाजी टीव्हीला नाक लावून उभा होता आणि पटक्याच्या शेवाने काच पुसत होता. काच पुसून लख्ख झाली, पण पडद्याच्या तळाशी सरकणारी निळी पट्टी काही निघेना. ‘नव्या सायकली, जुन्या भावात’ गेलं की ‘लग्नाचा बस्ता आमच्याकडेच’ यायचं. आणि त्या पट्टीच्या आड बातम्या सांगणाऱ्या बाईचे हात पार झाकून गेले होते.

धुळाजीची थोरली बहीण सत्यभामा उंबऱ्याबाहेरून हे बघत होती. बाईमाणसाने हॉटेलात शिरायची दिंद्रुडात रीत नव्हती. शेळ्या लिंबाखाली बसवून ती दर रविवारी तिथेच उभी राहायची.

धुळाजी जन्माचा बहिरा. लहानपणी एका मास्तरांनी बापाच्या मागे लागून त्याला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं होतं. तिथे वसतिगृहात पोरं हातांनी धडाधड बोलायची, भांडायची, चहाड्यासुद्धा करायची. मग बाप मेला, धुळाजी शेळ्यांमागे परत आला आणि त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. घरात ये, जा, जेव, पाणी, शेळी एवढ्या खुणांवर सगळा संसार चाले. सत्यभामालाही तेवढंच यायचं.

रविवारी दुपारी मात्र दूरदर्शनवर एक बाई पंधरा मिनिटं हातांनी बातम्या सांगायची. धुळाजीला सगळं नाही, तरी पुष्कळ कळायचं. शेवटी ती बाई हात जोडायची, तेव्हा हा गडी बाकावरून उठून तिला उलट हात जोडायचा. लोक हसायचे. हसेनात का मेले! अख्ख्या आठवड्यात धुळाजीला नमस्कार करणारी ती एकटीच होती.

मग गावात केबल आली. राजेश्वरने घरोघर तारा ओढल्या, गुरुपादने आपली अँटेना उतरवून परसात टाकली. ते चाललं असतं. पण राजेश्वरने औरंगाबादहून कॉम्प्युटर आणला आणि प्रत्येक चॅनेलवर जाहिरातींची पट्टी सोडली.

धुळाजीने काच पुसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यभामा राजेश्वरच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

“राजूशेठ, ती पट्टी तेवढी काढा. रविवारच्या बातम्यापुरती. मग लावा दिवसभर.”

“कावून? कॉम्प्युटर तुझ्या बापानं घिऊन दिला का?”

“मंग वर तरी लावा. बाईच्या डोसक्यावरून जाऊ द्या. आमाला तिचं डोसकं नको, हात दिसू द्या.”

“पट्टी खालीच राहती,” राजेश्वर म्हणाला. “एका मुक्यासाठी का गावाची केबल बदलू? त्याला म्हणावं, हात बघायचेत तर दुसऱ्या बाईचे बघ.”

दुकानातले दोन टगे फिदीफिदी हसले. सत्यभामाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“तुमची जीभ चालती म्हणून लई मस्ती आली का? त्याची बोली हातात हाय. तुमी त्याच्या बोलीवर सायकली इकताव!”

“हाकला रे हिला,” राजेश्वर म्हणाला आणि कॉम्प्युटरकडे वळला.

पुढच्या रविवारी ती उंबऱ्याशी थांबलीच नाही. थेट गुरुपादच्या परसात गेली. अँटेनावर त्याचे बनियन वाळत होते. तिने ते काढून भिंतीवर फेकले.

“आगं, काय चाललंय?” गुरुपाद धावत आला.

“आप्पा, ही वर न्हेते. हिच्यावर पट्टी येत न्हाई. तुमी फकस्त वायर बदला.”

“येडी का खुळी? शिनेमा लागलाय. गिऱ्हाईक उठून जाईल माझं.”

“जाऊ द्या. उद्यापासून दूध न्हाई.”

गुरुपादने भिंतीवरचे बनियन गोळा केले. उन्हाळ्यात म्हशी आटल्या की त्याचा चहा सत्यभामाच्या शेळ्यांवर चालायचा, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

“एक डाव,” तो चरफडत म्हणाला. “पुन्हा न्हाई.”

सत्यभामा अँटेना घेऊन छपरावर चढली. पत्रा उन्हाने नुसता पेटला होता. अँटेना बसवायची कडी गंजून तुटलेली, त्यामुळे खांब हातानेच धरायला लागला. जरा हलला की खालून शिव्या यायच्या. सिनेमा ऐन मारामारीत बंद पडला म्हणून माणसं खवळली होती. कुणीतरी पत्र्यावर दगडही भिरकावला. सत्यभामाने दात ओठ खाल्ले आणि खांब पोटाशी आवळला.

एवढ्यात राजेश्वरची मोटारसायकल दाराशी थांबली.

“गुरुपाद, माझी तार काढलीस? आता बस बोंबलत. जोडून देत न्हाई!”

“शेठ, आवो शेठ, ही बाई...” गुरुपादने हात जोडले, गयावया केली. मग वर बघून तो गरजला, “झाल्या बातम्या! उतर खाली! दूध बी नको तुझं! पुढच्या रविवारी मुक्याला हितं आणलंस तर तंगडी मोडीन दोघांची!”

सत्यभामाने चुलीचा धूर जायला ठेवलेल्या फटीतून आत डोकावलं. टीव्ही दिसत नव्हता. धुळाजी दिसत होता. तो बाकावरून उठला होता. एक जण त्याचा सदरा ओढत होता, दुसरा कानाशी ओरडत होता. धुळाजीला त्याचं काही नव्हतं. त्याने दोन्ही हात जोडले आणि तसाच उभा राहिला.

मग त्याची नजर वर गेली. फटीत बहिणीचं तोंड दिसताच तो हसला. एक बोट त्याने टीव्हीकडे केलं, एक तिच्याकडे, आणि पुन्हा येऊ ना, असं मान हलवून विचारलं.

खांब धरलेले तिचे हात भाजले होते. पण ते मोकळे असते तरी काय सांगणार होती ती? ये, जा, जेव, पाणी, शेळी. एवढंच तर तिला येत होतं.