बाळ ऐकतंय

चिमट्याच्या टोकाला धरलेला तो इवलासा स्क्रू काही केल्या चष्म्याच्या काडीत बसेना... त्याचं लक्ष लागत नव्हतं, आणि लक्ष उडण्यासारखं तर काहीच घडलं नव्हतं. शाळा सुटल्यावर मुलगी नेहमीसारखी दुकानात आली होती, काउंटरमागच्या स्टुलावर बसून रिकाम्या फ्रेमा पुसत होती. घरी बायकोला आठवा महिना, सासूबाई मदतीला आलेल्या – सगळं कसं छान चाललं होतं.

फक्त मुलगी तो शब्द उच्चारेनाशी झाली होती.

'दत्तक' हा शब्द त्याने आणि बायकोने तिला रंगांच्या नावांच्याही आधी शिकवला होता. पुढे कधी बाहेरून कानावर पडलाच, तर टोचायला नको. टोचणं दूरच, पोरीने तो मिरवला! गिऱ्हाईक आलं रे आलं की, "मी दत्तक आहे, म्हणजे मला आणायला आई-बाबा दोघंही गेले होते, आणि येताना बाबा रडले" – गिऱ्हाईक बिचारं कशाला आलो तेच विसरायचं, आणि काउंटरमागे तो लाजून चूर व्हायचा. मग सासूबाई आल्या. वावगं काहीच बोलल्या नाहीत, तिने तो शब्द काढला की नुसतं, "हळू बोल गं, बाळ ऐकतंय." दोन-तीनदा. त्यानंतर घर शांत झालं, आणि त्या शांततेत आपल्याला बरं वाटतंय हे ध्यानात आलं तेव्हा तो चपापला. बरं का वाटावं? मी तिच्यावर जीव टाकतो – टाकतो ना?

"काय साहेब, पाळणा हलणार म्हणे!" चष्मा न्यायला आलेले गृहस्थ गल्लीत नवे, गप्पिष्ट. "पहिलंच ना?"

"हो."

निघून गेलं तोंडातून. स्क्रू त्याच क्षणी बसला, अगदी बिनबोभाट. कामात होतो, कोण एवढं सांगत बसणार... नाही, खोटं. जीभ अडखळलीसुद्धा नव्हती.

"अरे वा! आणि ही चिमुरडी कोण?"

त्याने तोंड उघडलं. पण फ्रेम पुसता पुसता, शहाण्या मुलीच्या आवाजात तिनेच सांगून टाकलं, "मी यांच्याकडे असते."

गृहस्थ हसले, चष्मा चढवून निघून गेले. आता तिला जवळ घ्यावं, सांगावं – काय सांगावं? पुसलेल्या फ्रेमा ती एकीला एक लावून ठेवत होती, जराही आवाज होऊ न देता. इतक्या जपून तिने कधीच काम केलं नव्हतं. परक्या घरी मुलं वागतात ना, तशी. थोड्या वेळाने तिला भूक लागेल, मग ती मला हाक मारेल... काय म्हणून मारेल? आणि ती हाक येऊच नये, असं त्याला वाटू लागलं.